राखीव खेळाडूची विद्या

फिलाडेल्फिया ईगल्सच्या प्रशिक्षकपदी २०१६ साली डग पीडरसन यांची नेमणूक झाली, तेव्हा तिथल्या अमेरिकन फुटबॉलवेड्यांनी नाके मुरडली. त्यांच्या लक्षात राहिले होते ते १९९९चे पीडरसन. तेव्हा ते याच संघाचे क्वार्टरबॅक, म्हणजे चाली रचून चेंडू फेकणारे खेळाडू होते आणि नऊ सामन्यांनंतर डोनोव्हन मॅकनॅब या नवख्यासाठी त्यांना बाकावर बसवण्यात आले होते. त्याआधी ग्रीन बेच्या संघातही त्यांचा मुक्काम बाकावरच असे. तिथे पुढे होता ब्रेट फार्व्ह. तो सलग २९७ सामने सुरुवातीपासून खेळला, मग राखीव माणसाला संधी मिळणार कुठून? २०१७चा हंगाम सुरू होताना एका जाणत्या समीक्षकाने तर इतका अपात्र प्रशिक्षक आपण पाहिलाच नाही, असा निर्वाळा दिला.

त्याच हंगामात ईगल्सनी आपल्या इतिहासातला पहिला सुपर बोल, म्हणजे विजेतेपदाचा अंतिम सामना जिंकला. प्रमुख क्वार्टरबॅक कार्सन वेंट्झ जायबंदी झाला होता; त्याच्या जागी आला निक फोल्स, तोही राखीवच. मध्यंतराला काही सेकंद उरले असताना गोलरेषा हाताशी होती. तीन गुणांची किक मारून मोकळे होणे हाच शिरस्ता. फोल्सने कडेला येऊन एक धाडसी चाल सुचवली. पीडरसन क्षणभर थांबले आणि हो म्हणाले. एरवी चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकनेच तो झेलला आणि सहा गुण पदरात पाडले. अखेर ४१-३३ अशा गुणांनी न्यू इंग्लंडचा बलाढ्य संघ हरला.

याउलट ग्रीन बेचाच जुना क्वार्टरबॅक बार्ट स्टार. खेळाडू म्हणून पाच विजेतेपदे, पहिल्या दोन्ही सुपर बोलचा मानकरी. पण त्याच ग्रीन बेचा प्रशिक्षक म्हणून नऊ हंगामांत त्याला संघ बाद फेरीत एकदाच नेता आला.

म्हणून बाकावर बसलेला प्रत्येक जण उत्तम गुरू ठरतो, असे नव्हे. पीडरसन यांनाही ईगल्सनी २०२१मध्ये आणि पुढे जॅक्सनव्हिलच्या संघाने २०२५मध्ये घरी पाठवलेच. मात्र इतरांचा खेळ वर्षानुवर्षे वाचत बसणे, हीही एक विद्या आहे आणि निवृत्तीनंतर चार वर्षे श्रीव्हपोर्टच्या शाळकरी पोरांना शिकवून पीडरसन यांनी ती घासूनपुसून घेतली होती. प्रशिक्षक नेमताना त्याच्या खेळाडूपणाची आकडेवारी चाळणाऱ्यांना ही विद्या कधीच दिसत नाही; कारण तिचा रकानाच कुणी आखलेला नाही.