उचल नको, सही द्या

जून उजाडला की यवतमाळात दोनच घाया असतात, पेरणीची अन् शाळेची. घरचा पैसा बी-बियाण्यात गेला की लेकरांच्या वह्या-पुस्तकांसाठी कामवाली बाई आपल्याकडे उचल मागते. आपण देतो, आणि पुढं महिन्या-महिन्याला पगारातून कापून घेतो. मैत्रिणींनो, याला मदत म्हणायचं का?

कारखान्यातल्या कामगारांसाठी १९५३ पासून कामगार कल्याण निधीचा कायदा आहे. त्यात मालकही वाटा भरतो. घरकामगारांसाठी महाराष्ट्राचा कायदा झाला तो २००८ मध्ये. मुलांचं शिक्षण, आजारपण, बाळंतपण, अपघात यांसाठी मदतीची तरतूद त्यात आहे. पण आधी नोंदणी हवी आणि नोंदणीला ‘ही माझ्याकडे काम करते’ असा मालकिणीचा दाखला. तिथंच घोडं अडतं. “उगाच सही कशाला द्या, उद्या भानगड नको,” असं मी चांगल्या शिकलेल्या बायकांकडून ऐकलंय.

सरकारची मदत वेळेवर मिळेलच असं नाही. म्हणून दाखला तर द्याच. शिवाय ती आजारी पडली तर खाडे कापू नका आणि जूनमधली निम्मी उचल तरी माफ करा. घराबाहेर आपण नोकरदार असू, घरात मात्र आपणच मालक आहोत. मालकाकडून जी अपेक्षा ठेवतो, ती आधी आपल्याच उंबऱ्याआत पूर्ण करूया.