जादूचं पुस्तक आणि कुलूपबंद कपाट

वर्गातल्या मुलांना विचारून पाहा, "जादूचं पुस्तक म्हणजे कसं असतं?" उत्तरं पटापट येतात. उघडलं की उजेड पडतो, पानं आपोआप उलटतात, पुस्तक आपल्याशी बोलतं. मुलांनी हे सगळं टीव्हीवर आणि मोबाईलवर पाहिलेलं असतं. त्यांची ही उत्तरं आपण हसण्यावारी नेऊ नयेत. सिनेमांतली ही पुस्तकं नीट पाहिली तर आपल्या शाळांना त्यातून बरंच घेता येईल, असं मला वाटतं.

हॅरी पॉटरचंच उदाहरण घेऊ. २००१ सालच्या पहिल्या चित्रपटात हॅरी रात्री कंदील घेऊन ग्रंथालयाच्या बंदी असलेल्या विभागात शिरतो आणि तिथलं एक पुस्तक उघडताच किंचाळू लागतं. ही जागा निव्वळ कल्पनेतली नाही. या ग्रंथालयासाठी ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयातल्या जुन्या दालनात चित्रीकरण झालं होतं. दुसऱ्या चित्रपटात एक कोरी डायरी आहे. तिच्यात लिहिलं की ती उत्तर देते आणि हळूहळू लिहिणाऱ्या मुलीचाच ताबा घेते. तिसऱ्यात तर चावणारं पुस्तक आहे. त्याच्या कण्यावरून हात फिरवला की ते शांत होतं. म्हणजे पुस्तक कसं हाताळायचं हे शिकावं लागतं, आणि गोड बोलणाऱ्या प्रत्येक पुस्तकावर विश्वास ठेवायचा नसतो. वाचनाचे हे दोन्ही धडे इथे खेळता खेळता मिळतात.

याहून मोलाची गोष्ट १९८४ सालच्या 'द नेव्हरएंडिंग स्टोरी' या चित्रपटात आहे. एक मुलगा शाळेच्या माळ्यावर लपून पुस्तक वाचत असतो. पुस्तकातलं राज्य नष्ट होत चाललेलं असतं. ते वाचवायला कुणी योद्धा पुरा पडत नाही. वाचणाऱ्या मुलानेच तिथल्या राणीला नवं नाव द्यावं लागतं, तेव्हा ते राज्य टिकतं. वाचणारा नसेल तर पुस्तकातली जादूही मरते, हे इतक्या सोप्या रीतीने क्वचितच कुणी सांगितलं असेल.

यासाठी परदेशातच जायला हवं असं नाही. प्रभातचा १९३६ सालचा 'संत तुकाराम' आठवा. विष्णुपंत पागनीसांनी त्यात तुकोबांची भूमिका केली. इंद्रायणीत बुडवलेल्या वह्या परत मिळतात, हा त्यातला प्रसंग आजही पाहणाऱ्याला हलवतो. काही जण या कथेचा असाही अर्थ लावतात की, वह्या बुडाल्या तरी अभंग लोकांच्या तोंडी होते, लोकगंगेनेच ते तारले. श्रद्धेने पाहा किंवा विचाराने पाहा, गाथा लोकांच्या मुखात राहिली हे तर खरंच. दरवर्षी आषाढी वारीत तुकोबांची पालखी आपल्या बारामतीतून आणि इंदापुरातून जाते. बेलवाडीच्या रिंगणाला गर्दी लोटते. त्या गर्दीत अक्षरओळख नसलेल्या आजीबाईंनाही कितीतरी अभंग पाठ असतात. पुस्तक असं हातोहाती आणि तोंडोतोंडी फिरलं तरच टिकतं.

बारामतीला तर आणखी एक वारसा आहे. मोरोपंत (१७२९–१७९४) इथेच राहिले आणि इथेच त्यांनी लिहिलं. त्यांच्या अनेक रामायणांपैकी एक 'निरोष्ठ रामायण'. यात ओठाला ओठ लागेल असं एकही अक्षर नाही. म्हणजे प, फ, ब, भ, म वर्ज्य! आता 'राम' या नावातच 'म' आहे. तरीही पंतांनी रामकथा सांगितली. मुलांना फळ्यावर चार ओळी अशा लिहायला सांगा, मग शब्दांची जादू काय असते ते त्यांना आपोआप कळेल.

आता आपल्या शाळेतल्या कपाटाकडे येऊ. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार प्रत्येक शाळेत ग्रंथालय असलं पाहिजे आणि त्यात गोष्टींची पुस्तकंही असली पाहिजेत. बऱ्याच ठिकाणी पुस्तकं आहेतही. पण ती कुलपात असतात. १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, कपाट उघडतं, फोटो निघतात आणि कपाट पुन्हा बंद होतं. सिनेमातला बंदी असलेला विभाग एका कोपऱ्यात होता. आपल्याकडे अख्खं ग्रंथालयच तसं झालंय.

यात शिक्षकांना दोष देऊन भागणार नाही. पुस्तक हरवलं तर भरपाई कोण देणार, तपासणीत विचारलं तर काय सांगणार, ही भीती खरी आहे. पण या भीतीची किंमत कोण मोजतं? आपल्या भागात सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगर इथे कारखाने आहेत. हंगामात बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोड कुटुंबं येतात, कोप्या पडतात. त्यांची मुलं काही महिने आपल्या वर्गात बसतात. 'ही जाणारी मुलं, पुस्तक परत येणार नाही,' म्हणून पहिल्यांदा त्यांनाच नकार मिळतो. खरं तर ज्या घरात एकही पुस्तक नाही, तिथेच ते आधी जायला हवं.

म्हणून काही साध्या सूचना :

१. कपाटाऐवजी वर्गात दोरीवर किंवा फळीवर पुस्तकं मांडा.
२. देवघेव रजिस्टर मुलांच्याच हाती द्या.
३. फाटलेलं पुस्तक चिकटवायचा तास ठेवा. शिक्षा नको.
४. वर्षाला थोडी पुस्तकं हरवतील असं धरूनच चाला. वरिष्ठांनीही वापरात हरवलेलं पुस्तक निर्लेखित करायची वाट सोपी करावी.
५. स्थलांतरित मुलाला निघताना एक पुस्तक कायमचं द्या.

एखादं पुस्तक उसाच्या गाडीतून गावोगाव गेलं आणि परत आलं नाही, तर ते वाया गेलं असं मी मानत नाही. वाया जातं ते दहा वर्षं कपाटात कोरं करकरीत राहिलेलं पुस्तक. तपासणीत त्याची नोंद चोख सापडेल, पण एकाही मुलाला त्यातली गोष्ट सांगता येणार नाही.