तीन टक्क्यांतील स्वावलंबन

फेब्रुवारी 2023 मध्ये जम्मू-काश्मीरमधील रियासी जिल्ह्यात लिथियम खनिजाचा 59 लाख टनांचा अनुमानित साठा असल्याची घोषणा झाली आणि देशभर आनंद व्यक्त झाला. आता बॅटरीच्या क्षेत्रात भारत स्वावलंबी झालाच, असे अनेकांना वाटले. आनंद स्वाभाविक होता. निष्कर्ष मात्र घाईचा होता. कापूस पिकला म्हणजे वस्त्र विणले गेले असे होत नाही. त्याचप्रमाणे लिथियम सापडले म्हणजे बॅटरी तयार झाली, असेही होत नाही. खनिज आणि बॅटरी यांच्यामध्ये अनेक पायऱ्या आहेत. त्यांपैकी ज्या पायरीकडे सर्वांत कमी लक्ष जाते, ती म्हणजे बंधक.

लिथियम-आयन बॅटरीतील दोन्ही विद्युतअग्रे मुळात भुकटीची असतात. ऊर्जा साठवणारी भुकटी, वीज वाहून नेणारा कार्बन आणि बंधक म्हणून वापरले जाणारे बहुवारिक द्रावकात घोटून दाट मिश्रण केले जाते. कारखान्याच्या भाषेत हीच स्लरी. ती धनाग्रासाठी ॲल्युमिनियमच्या आणि ऋणाग्रासाठी तांब्याच्या पातळ पत्र्यावर लेपतात, वाळवतात आणि रुळांखाली दाबतात. वाळलेल्या लेपात बंधकाचे प्रमाण साधारणतः दोन ते पाच टक्के असते. ते स्वतः ऊर्जा साठवत नाही, वीजही वाहून नेत नाही. परंतु ओल्या मिश्रणातील कण खाली बसू न देणे आणि वाळल्यावर ते परस्परांना व पत्र्याला धरून ठेवणे हे त्याचेच काम. ते कमी पडले तर लेप सुटतो, अधिक झाले तर अंतर्गत रोध वाढतो. वाळवण्याची घाई केली तर बंधक वरच्या थरात सरकते आणि लेपाची पत्र्यावरील पकड सैल होते. बॅटरी किती वर्षे टिकेल, याचे उत्तर बऱ्याच अंशी या तीन-चार टक्क्यांत दडलेले असते.

1991 हे वर्ष या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी जपानच्या सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. त्याच वर्षी नागपुरात दत्तोपंत ठेंगडी यांच्या प्रेरणेने स्वदेशी जागरण मंचाची स्थापना झाली. जपानने त्या काळात केवळ बॅटरी घडवली नाही. तिला लागणारी बहुवारिके, पत्रे आणि विलगक पडदे घडवणारे उद्योगही उभे केले. स्वदेशीचा खरा अर्थ हाच आहे. परकीय सुटे भाग आणून येथे जुळवणी करणे आणि त्यावर स्वदेशीचा शिक्का मारणे ही आत्मवंचना होय.

धनाग्रासाठी आजही प्रामुख्याने पॉलिव्हिनिलिडीन फ्लोराइड हे बंधक वापरले जाते. उच्च विद्युतदाबाला ते टिकते, हा त्याचा मोठा गुण. मात्र ते विरघळवण्यासाठी एन-मिथाइल पायरोलिडोन हे द्रावक लागते. सुमारे 200 अंश सेल्सिअसला उकळणारे हे द्रव्य प्रजननक्षमतेस घातक मानले गेले असून युरोपीय संघाने त्याच्या वापरावर बंधने घातली आहेत. त्याची वाफ परत मिळवण्यासाठी मोठी यंत्रणा आणि भरपूर ऊर्जा खर्ची पडते.

ऋणाग्राच्या बाबतीत उद्योगाने पाण्याचा मार्ग केव्हाच धरला आहे. तेथे कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज आणि कृत्रिम रबराचे क्षीर वापरतात. हे सेल्युलोज सरकीला चिकटलेल्या आखूड तंतूंपासूनही मिळते, आणि सरकी विदर्भाला नवी नाही. सिलिकॉनचे कण लिथियम शोषताना तिपटीहून अधिक फुगतात. त्यांना बांधून ठेवण्यास तपकिरी समुद्रशैवालातील अल्जिनेट उपयुक्त ठरते, हे अमेरिकी संशोधकांनी 2011 मध्ये दाखवले. गवार गमवरही असेच प्रयोग झाले. जगातील गवारीचे बहुतांश उत्पादन भारतात, त्यातही राजस्थानात होते.

म्हणून केवळ अभिमान बाळगून भागणार नाही. 2011-12 मध्ये अमेरिकेतील तेलविहिरींच्या मागणीमुळे गवारीचे भाव गगनाला भिडले आणि पुढे कोसळले. शेतकऱ्याच्या हाती कायमचे काही उरले नाही, कारण देशाने प्रामुख्याने माल विकला, त्यावरचे तंत्र उभारले नाही. बॅटरीच्या दर्जाचे बंधक म्हणजे बाजारातील डिंक नव्हे. त्यातील धातूंची अशुद्धी दशलक्षात काही भागांच्या आत असावी लागते, प्रत्येक खेपेतील रेणूंची लांबी सारखी असावी लागते. निकेलयुक्त धनाग्राला पाणी मानवत नाही, ही अडचणही सोडवायची आहे. हे काम घोषणांचे नाही, वर्षानुवर्षांच्या चिकाटीचे आहे.

केंद्र सरकारने 2021 मध्ये प्रगत बॅटरी-निर्मितीसाठी 18,100 कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली आणि देशांतर्गत मूल्यवर्धन पाच वर्षांत 60 टक्क्यांवर नेण्याची अट घातली. अट योग्यच आहे. तिची मोजणी मात्र बंधकापर्यंत पोहोचली पाहिजे. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, कारैकुडीची विद्युतरसायन संस्था, भावनगरची समुद्री रसायन संस्था आणि मुंबईची कापूस तंत्रज्ञान संस्था यांच्याकडे लागणारे ज्ञान आहे. त्यांना एका सूत्रात गुंफणारी चाचणी-केंद्रे हवीत आणि पहिली सदोष खेप परत आली तरी दुसरी मागवणारा उद्योजक हवा.

एप्रिल 2025 मध्ये चीनने दुर्मीळ मृदा चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा एका लहानशा घटकापायी वाहन-उद्योग कसा अडचणीत येतो, हे देशाने अनुभवले. उद्या ही वेळ बंधकावर येणार नाही, याची शाश्वती कोण देणार?

संघटनेत नाव न झळकता सर्वांना जोडून ठेवणारा कार्यकर्ता असतो. त्याचे मोल तो नसताना कळते. राष्ट्राच्या उद्योगजीवनातही असे घटक असतात. त्यांचे मोल ते नसताना कळण्याची वाट पाहणे देशाला परवडणारे नाही.