वाचनाचा नेम आणि मुरडलेली नाके

साहित्य शिकवणाऱ्याला वाचनाचा संकल्प करावा लागावा ही लाजिरवाणी गोष्ट आहे, असे मत आमच्या व्यवसायबंधूंमध्ये मोठ्या ठामपणे मांडले जाते. निमित्त साधे आहे. आम्ही काही अध्यापकांनी बारा महिन्यांत बारा कथात्मक पुस्तके वाचण्याचा नेम धरला आहे. त्यांतले प्रत्येक पुस्तक आपापल्या नेहमीच्या फडताळाबाहेरचे असावे, एवढीच अट घातली आहे. पदव्युत्तर वर्गातले काही विद्यार्थीही त्यात सामील झाले आहेत. यावर जी नाके मुरडली गेली त्यांचा परामर्श घेणे अगत्याचे वाटते. कारण प्रश्न बारा पुस्तकांचा नाही, 'मराठी कथात्म साहित्य' या नावाखाली आपण विद्यार्थ्यांच्या हाती नेमके काय देतो, याचा आहे.

पहिला आक्षेप असा, की हे परकीय खूळ आहे. 'गुडरीड्स'ने २०११ पासून वर्षाच्या आरंभी पुस्तकांचा आकडा जाहीर करण्याची प्रथा रूढ केली, 'बुक रायट'ने २०१५ मध्ये चोवीस अटींचे 'रीड हार्डर' आव्हान आणले, आणि आता तेच वारे आमच्या महाविद्यालयांत शिरले, असा या तक्रारीचा सूर असतो. वारे तिकडचे आहे, हे मान्य. परंतु नेमाने वाचणे ही गोष्ट मराठी माणसाला कोणी बाहेरून शिकवावी लागलेली नाही. चातुर्मासात पोथी लावणे, गुरुचरित्राचा सप्ताह, ज्ञानेश्वरीचे पारायण, या सगळ्यांत दिवस ठरलेले, अध्याय ठरलेले, आणि वाचणाऱ्याने स्वतःला बांधून घेतलेले असते. मन लागेल तेव्हा वाचू, अशी मुभा पोथी देत नाही. पारायण आणि आमचा नेम यांत एक मोठा फरक मात्र आहे. पारायणात माणूस ओळखीच्या ग्रंथाकडे पुन्हा पुन्हा जातो; आम्ही अनोळखी ग्रंथाकडे जाण्याचा नेम धरला आहे. चाकोरी टिकवण्यासाठी शिस्त लागते, हे आपल्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. चाकोरी मोडण्यासाठीही शिस्तच लागते, एवढेच आमचे म्हणणे.

दुसरा आक्षेप मोजणीचा. वाचन ही काय मोजण्याची वस्तू आहे, असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. तो विचारणारांकडे पाहिले की मात्र गंमत वाटते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने शैक्षणिक कामगिरीचा निर्देशांक आणला, तेव्हापासून चर्चासत्र, शोधनिबंध, संपादित ग्रंथातले प्रकरण अशा प्रत्येक गोष्टीचे गुण मांडून बेरीज करण्यात आमच्या व्यवसायाची किती संध्याकाळ गेली, याची गणती नाही. पुढे नियम बदलले, तक्ते बदलले, बेरीज सुटली नाही. त्या साऱ्या तक्त्यांत एक कादंबरी वाचून संपवली यासाठी रकाना कधीच नव्हता. जे लेखनाचे गुण मोजताना कुरकुरले तरी थांबले नाहीत, त्यांना वाचनाच्या बारा या आकड्याने मात्र वाङ्मयाचे पावित्र्य भंगल्यासारखे वाटावे, हे विलक्षण आहे.

तरीही या आक्षेपातला खरा भाग आम्ही टाकून देत नाही. वर्षाला शंभर पुस्तके, असे बिरुद मिरवणाऱ्या वाचनात पातळ पुस्तके शोधण्याची वृत्ती बळावते, आणि जाडजूड कादंबरी आकड्याची वैरीण ठरते. विस्ताराच्या नावाखालीही हेच घडू शकते. ॲन मॉर्गन या इंग्रज लेखिकेने २०१२ मध्ये जगातल्या १९६ देशांतले प्रत्येकी एक पुस्तक वर्षभरात वाचण्याचा घाट घातला आणि तडीस नेला. साओ टोमे आणि प्रिन्सिपे या चिमुकल्या देशाचे इंग्रजीत काही मिळेना, म्हणून तिच्यासाठी स्वयंसेवकांनी एक पोर्तुगीज पुस्तक वाटून घेऊन अनुवादित केले. हा उद्योग कौतुकाचाच आहे. परंतु या हिशेबात भारताच्या वाट्याला एकच पुस्तक आले: एम. टी. वासुदेवन नायर यांची 'कालम्' ही मल्याळम कादंबरी. निवड उत्तम. तरी एवढ्या भाषांच्या देशाला एका पुस्तकात उरकायचे, म्हणजे पारपत्रावर शिक्का मारून पुढे निघण्यासारखे होते. यातून आम्ही एवढाच बोध घेतला, की रुंदी देशांच्या संख्येवर मोजू नये. आपल्या सवयीपासून पुस्तक किती दूर आहे, यावर ती मोजावी. आणि ते अंतर पुष्कळदा गल्लीच्या पलीकडच्या टोकाला भरते, साता समुद्रांपलीकडे नव्हे.

आता तिसरा आक्षेप. तो चारचौघांत हळू आवाजात आणि चहाच्या टेबलावर मोठ्याने बोलला जातो: हे म्हणजे वाचनात आरक्षण आणणे झाले. दलित लेखकाचे एक, मुस्लिम लेखकाचे एक, बाईचे एक, ग्रामीण एक, अशी खिरापत वाटायची आणि गुणवत्तेला रजा द्यायची! या आक्षेपाचे आम्ही स्वागत करतो, कारण त्यात मनातले ओठांवर आलेले आहे. उलट आमचाच प्रश्न असा, की आजवरचे आपले वाचन कोणत्या राखीव जागांवर चालत होते? विद्यार्थी विचारतो, सर, काय वाचू? आणि वर्षानुवर्षे 'ययाति', 'मृत्युंजय', 'बनगरवाडी', 'कोसला' आणि अलीकडे 'शाळा' ही पाच नावे आपल्या तोंडून मंत्रासारखी निघतात. ही पुस्तके वाईट आहेत, असे आम्ही म्हणत नाही. यांतल्या काहींवर आमचा जीव आहे. परंतु ही यादी गुणवत्तेच्या खुल्या स्पर्धेतून आली, असे समजणे भाबडेपणाचे आहे. ती आली अभ्यासक्रमातून, सेट-नेटच्या प्रश्नांतून, आपल्या गुरुजनांच्या यादीतून, आणि ज्याच्यावर तयार टीपा मिळतात तेच शिकवण्याच्या सोयीतून. या जागाही राखीवच आहेत. फक्त त्यांच्यावर पाटी नाही.

गुणवत्तेचीच गोष्ट काढायची तर काढू. बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती!' हा कथासंग्रह १९६३ चा, 'कोसला'ही त्याच वर्षीची. एकाच वर्षी मराठी कथनाने दोन दिशांनी कूस बदलली. आपल्या वर्गात मात्र 'कोसला' येते ती 'कादंबरी' या सदरात, आणि बागुल येतात 'दलित साहित्य' या सदरात. कथेच्या घडणीची चर्चा चालते तेव्हा बागुलांचे नाव निघतेच असे नाही. हमीद दलवाईंचा समाजसुधारक म्हणून गौरव होतो; कोकणातल्या एका गावातले हिंदू-मुस्लिम ताण मांडणारी त्यांची 'इंधन' (१९६५) ही कादंबरी कितीजणांनी उघडली आहे? उद्धव शेळक्यांची 'धग' (१९६०) वऱ्हाडी बोलीत कौतिकचा संसार मांडते. पुण्या-मुंबईच्या वाचकाला ती बोली अवघड वाटते, म्हणून ती 'प्रादेशिक'. पुण्याची बोली मात्र कुणालाच प्रादेशिक वाटत नाही! मालतीबाई बेडेकरांना १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' विभावरी शिरूरकर या नावाआड राहून प्रसिद्ध करावे लागले. आजचा विद्यार्थी ते टोपणनाव पाठ करतो, कारण तो एका गुणाचा प्रश्न आहे. कथा मात्र मिटलेल्याच राहतात. ही पुस्तके वाचणे ही कुणावर मेहेरबानी नव्हे. न वाचता मराठी कथात्म साहित्याविषयी विधाने करणे, हा मात्र विषयाशी केलेला द्रोह आहे.

चौथा आक्षेप अनुवादाचा. अनुवादात मूळ भाषेचा गंध उडून जातो, तेव्हा अनुवाद वाचून रुंदी कसली, असे म्हणतात. मामा वरेरकरांनी शरच्चंद्र मराठीत आणला नसता, तर मराठी घरांनी तो वाचला असता काय? खांडेकर तमिळ वाचकांना आपले वाटले ते का. श्री. श्री. यांच्या अनुवादांमुळे. उमा कुलकर्णी यांच्यामुळे भैरप्पांचे 'पर्व' मराठी कपाटात स्थिरावले. जी. ए. कुलकर्णींसारख्या कथाकाराने कॉनरॅड रिक्टर या अमेरिकन लेखकाच्या कादंबऱ्या 'रान', 'शिवार', 'गाव' अशा नावांनी मराठीत आणल्या; अनुवाद हे दुय्यम काम असते, तर त्यांनी त्यात वर्षे घातली नसती. आपल्या शास्त्राचे नावच पाहा. 'कादंबरी' हा शब्द बाणभट्टाच्या नायिकेचा; आपण तो उचलला आणि साऱ्या प्रकाराला दिला. ज्या प्रकाराचे नावसुद्धा दुसऱ्या भाषेतून आलेले, त्याच्या अध्यापकांनी परभाषेपासून सोवळे पाळावे, हे नवल.

आणि जिथे अनुवादाचीही गरज नाही, तिथे तरी आपण काय करतो? कोकणी देवनागरीत लिहिली जाते. दामोदर मावजो यांची 'कार्मेलीन' (१९८१) ही घरकामासाठी कुवेतला गेलेल्या गोव्याच्या स्त्रीची कहाणी थोड्या सरावाने मराठी वाचकाला मुळातून वाचता येते. पण कोकणी ही बोली की भाषा, या वादातच आपल्या एका पिढीचा उत्साह खर्च झाला. पुस्तक उघडायला सवड उरली नाही. रेणूंची 'मैला आँचल' (१९५४), राही मासूम रझांची 'आधा गाँव' (१९६६), श्रीलाल शुक्लांची 'राग दरबारी' (१९६८) यांच्यासाठी लिपीचीही आडकाठी नाही. तरीही गीतांजली श्री यांची २०१८ ची 'रेत समाधि' अनेकांना दिसली ती २०२२ मध्ये, लंडनहून आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिकाची बातमी आल्यावर. २०२५ मध्ये बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांच्या इंग्रजी अनुवादाला तेच पारितोषिक मिळाले, तेव्हाही तीच तऱ्हा. कन्नड ही आपल्या सीमेला चिकटून असलेली भाषा. तिच्यातली लेखिका आपल्यापर्यंत यायला लंडनचा वळसा का पडावा? गंध उडून जाण्याची चिंता करणारांनी याचे उत्तर द्यावे.

एक फडताळ याहूनही जवळचे आहे आणि त्याच्याकडे पाहायचे धाडस साहित्याच्या अध्यापकाला सहसा होत नाही. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. नारायण धारपांच्या भयकथांनी आणि सुहास शिरवळकरांच्या कादंबऱ्यांनी वाचनालयांच्या खिडक्यांसमोर रांगा लावल्या. आपले विद्यार्थी वाचक झाले ते पुष्कळदा याच पुस्तकांनी. ती न वाचताच त्यांना 'रंजनवादी' म्हणून बाजूला सारणे हा न्याय नव्हे. वाचून सारावे, मग त्या शब्दाला काही वजन येईल.

कुणी म्हणेल, चारदोन अध्यापकांच्या वाचनाने काय बिघडते किंवा सुधारते? आमच्या मते पुष्कळ. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने महाराष्ट्रात अनुदानित ग्रंथालयांचे मोठे जाळे विणले गेले. गावोगावची ही ग्रंथालये वाचकांच्या मागणीकडे पाहून पुस्तके घेतात, आणि मागणी घडवणारांत स्थानिक महाविद्यालयातला मराठीचा अध्यापक असतोच. तो पाच नावे सांगतो. विद्यार्थी तीच मागतात. ग्रंथालय त्यांच्याच प्रती वाढवते. प्रकाशक त्यांचीच नवी आवृत्ती काढतो. बाकीच्यांची दुसरी आवृत्ती निघत नाही. काही वर्षांनी तोच अध्यापक सांगतो, ते पुस्तक मिळतच नाही, शिकवणार कसे? पुस्तक दुर्मीळ होते ते असे. वाळवी नंतर लागते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि आपण पेढे वाटले. मात्र दोन हजार वर्षांच्या वारशाचे दाखले देणाऱ्या भाषेत साठ वर्षांपूर्वीची कादंबरी मिळू नये, याचे कुणाला सुतक नाही.

आणि विद्यार्थी? आमच्या वर्गांत ऊसतोडीच्या फडावरून आलेली मुले आहेत, मोहल्ल्यांतून आलेल्या मुली आहेत, शहरांतल्या सोसायट्यांमधूनही मुले येतात. पाच नावांच्या यादीत काहींना आपले जग कुठेच भेटत नाही, आणि काहींना आपल्या जगाखेरीज दुसरे काही भेटत नाही. नुकसान दोघांचेही होते. पहिल्याला वाटते, वाङ्मय आपल्यासाठी नाही. दुसऱ्याला वाटते, वाङ्मय म्हणजे आपणच. पुढे यांतलेच काही अध्यापक होतात आणि यादी पुढे चालू राहते.

म्हणून आम्ही नेम धरला, आणि त्याच्या अटी जाणीवपूर्वक थोड्या ठेवल्या. बारांपैकी चार पुस्तके मराठीतलीच, परंतु वाचणाऱ्याच्या प्रदेशाबाहेरची आणि सामाजिक वर्तुळाबाहेरची. चार इतर भारतीय भाषांतली, मुळातून किंवा अनुवादातून. दोन आपण ज्यांना हलके समजतो त्या प्रकारांतली. एक स्वातंत्र्यापूर्वीच्या लेखिकेचे. आणि एक विद्यार्थ्याने सुचवलेले, जे अध्यापकाने मुकाट्याने वाचायचे. पाने मोजायची नाहीत. पुस्तक अर्ध्यावर सोडण्याची मुभा आहे. मात्र का सोडले, याचे एक पान लिहून सर्वांसमोर वाचावे लागेल. न आवडण्याचा हक्क वाचूनच कमवावा लागतो. यात बक्षीस नाही, प्रमाणपत्र नाही, आणि निर्देशांकात धरता येईल असे काहीही नाही, हे तर सांगायलाच नको.

ज्यांना हे सारे पोरकट वाटते, त्यांच्याशी वाद घालायला आम्ही केव्हाही तयार आहोत. वादाची अट एकच. येताना त्यांनी गेल्या बारा महिन्यांत वाचलेल्या, अभ्यासक्रमात नसलेल्या कथात्मक पुस्तकांची यादी सोबत आणावी. ती आमच्या बारांहून लांब आणि रुंद असेल, तर आम्ही आमचा नेम मोडून त्यांची यादी वाचायला घेऊ. ती कोरी असेल, तर पहिल्या महिन्याचे पुस्तक आम्ही सुचवू: ग्रंथालयात बागुल शोधावेत. बहुधा आतल्या कपाटात असतील; ग्रंथपालांकडे किल्ली मागावी.