मोटारसायकलच्या सीटवरचा नकाशा

गेल्या हिवाळ्यात तिवशाजवळच्या एका शेतात दोन भावांनी आम्हाला बोलावले. शेजाऱ्याशी धुऱ्याचा वाद. नकाशावर धुरा सरळ दक्षिणोत्तर. त्यांनी मोटारसायकलच्या सीटवर नकाशा पसरला, वर अभ्यासिकेतले होकायंत्र ठेवले, आणि सुईच्या रेषेत पाहू गेले तो धुरा शेजाऱ्याच्या तुरीत! काठ्या निघायच्याच राहिल्या होत्या. आम्हीही आधी मान डोलावली, हे कबूल करतो. मग होकायंत्र उचलून दहा पावले दूर नेले, तर सुई वेगळेच सांगू लागली. गाडीच्या लोखंडाने तिला ओढले होते.

सुई लोखंडापुढे किती हळवी, हे शास्त्रज्ञ जाणून होते. मुंबईत विजेची ट्राम येणार म्हणून संचालक नानाभाई मूस यांनी कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा अलिबागला नेली. तिथे १९०४ मध्ये काम सुरू झाले, आणि इमारतीत लोखंड वापरले नाही. मुंबईत ती ट्राम १९०७ मध्ये धावली.

तेव्हा पाहताना गाडी, विळा, तारेचे कुंपण, मोटारपंप यांच्यापासून दूर उभे राहा. विजेच्या मोठ्या तारांखाली तर नकोच. होकायंत्र तळहातावर आडवे धरा, सुई थांबू द्या, मग नकाशा फिरवा. चुंबकाची उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक असतो, पण आपल्या भागात तो एक अंशाहून कमी. शेतात तो जाणवत नाही.

मोबाईलशेजारी मात्र ते ठेवू नका. त्याच्या स्पीकरमध्ये आणि काही कव्हरांमध्ये चुंबक असतो. त्याने सुईची टोके उलटूही शकतात, मग लाल टोक दक्षिण दाखवते. शंका आली तर रात्री ध्रुवतारा पाहा. तिवशाहून तो क्षितिजावर सुमारे २१ अंश, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन मुठींएवढा वर दिसतो. दुपारच्या सावलीवर बारमाही विसंबू नका. जूनमध्ये आपल्याकडे सूर्य डोक्यावरून उत्तरेला सरकतो आणि मध्यान्हीची सावली दक्षिणेकडे पडते.

आणि धुऱ्याचा निकाल होकायंत्र देत नाही. तो भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणीने लागतो. पुढच्या आठवड्यात ते दोघे भाऊ अर्ज लिहून घ्यायला आमच्याकडे आले, शेजारीही सोबत होता.