घरचे यंत्रशास्त्र : भट्टीच्या दिव्याची भाषा

दिवाळीत पणत्या मोजण्याची हौस सर्वांनाच असते. अमेरिका-कॅनडात राहणाऱ्या आपल्या मंडळींवर मात्र ह्याच दिवसांत आणखी एका दिव्याची मोजदाद करण्याची पाळी येते. शिकागो-टोरांटोकडे दिवाळीच्या सुमारास थंडी पडू लागते आणि उन्हाळाभर झोपलेली गॅसची भट्टी, म्हणजे तिकडचा फर्नेस, पुन्हा कामाला लागते. कधीकधी लागत नाही! मग घर गार पडते, मुलगा-सून कामावर असतात आणि इकडून गेलेले आईवडील शाली गुंडाळून बसतात. त्यांनी घाबरू नये. भट्टीच्या दारावर बहुधा एक लहानशी काच असते. तिच्यातून आत पाहिले तर एक बारीक दिवा लुकलुकताना दिसेल. तीच भट्टीची भाषा.

ती कळायला भट्टीचा क्रम ठाऊक हवा. भिंतीवरच्या थर्मोस्टॅटने ऊब मागितली की प्रथम एक छोटा पंखा जळलेला वायू बाहेर नेणाऱ्या नळीकडे हवा ओढू लागतो. ओढ पुरेशी आहे अशी ग्वाही दाबाच्या स्विचने दिली की पेटवणी लालबुंद होते आणि मग गॅसची झडप उघडते. ज्योतीत एक बारीक सळई असते. ज्योतीतून वाहणारा अतिक्षीण विद्युत्प्रवाह तिच्यामार्फत मोजला जातो. तो काही सेकंदांत मिळाला नाही तर झडप मिटते. सारे जमले की मोठा पंखा खोल्यांत गरम हवा पाठवतो. एक पायरी चुकली तर पुढची चढायची नाही, असा हा दंडक आहे. पाऊल कोठे अडले एवढेच दिवा सांगतो. कोणता भाग बिघडला हे तो सांगत नाही. हे न कळल्यामुळे पुष्कळदा चांगले भाग उगाच बदलले जातात.

म्हणून आधी मोजा, मग हात लावा. दार काढताच वीज तुटते आणि दिवा विझतो. उघडझाप कागदावर टिपून घ्या. तिचा अर्थ सांगणारा तक्ता बहुधा दाराच्या आतल्या बाजूस चिकटवलेला असतो. कॅरियरच्या अनेक भट्ट्यांत छोट्या लुकलुकी दशम स्थानाच्या आणि लांब लुकलुकी एकम स्थानाच्या. तीन छोट्या व तीन लांब म्हणजे ३३ : भट्टी फाजील तापली. अशा वेळी प्रथम फिल्टर पाहावा. तो धुळीने बुजला असेल किंवा खोल्यांतल्या झडपा मिटलेल्या असतील. ३१ म्हणजे दाबाचा स्विच अडला. घराबाहेरच्या नळीच्या तोंडाशी बर्फ वा पाचोळा साचला आहे का ते पाहावे. ३४ म्हणजे ज्योतीची साक्ष पटली नाही. बरेचदा सळईवर पुटे चढलेली असतात, पण ती साफ करणे जाणकाराचे काम. दुसऱ्या कंपनीचे आकडे निराळे, तेव्हा शेजाऱ्याचा तक्ता आपल्या घरी चालत नाही. दिवा मुळीच लागत नसेल तर भट्टीजवळचे बटण, विजेचा ब्रेकर आणि दार नीट बसले आहे की नाही, एवढे पाहावे.

घरच्या माणसाचा अधिकार येथे संपतो. अडलेल्या स्विचला तारेचा तुकडा जोडून भट्टी चालू करणारे शूर लोक असतात. त्यांचे अनुकरण करू नये. तो स्विच कार्बन मोनॉक्साइड घरात शिरू नये म्हणून अडलेला असू शकतो. ह्या विषारी वायूला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस झोपेतच जातो. त्याची सूचना देणारी घंटा घरात हवीच. ती वाजली, किंवा गॅसचा वास आला, तर दिवा मोजत बसू नये. कोणतेही बटण न दाबता सर्वांना घेऊन बाहेर पडावे आणि फोन बाहेरून करावा.

परदेशी असलेल्या वाचकांनी ह्या दिवाळीत एक करावे. दारावरचा तक्ता मराठीत उतरवून त्याखाली कारागिराचा फोन क्रमांक लिहावा आणि तो कागद आईवडिलांच्या हाती द्यावा. आणि फिल्टर अभ्यंगस्नानाच्या आदल्या दिवशीच बदलावा. म्हणजे पहाटे कुडकुडावे लागणार नाही.