टीका आणि आलोचना

नांदेडच्या पीपल्स कॉलेजात मराठीचे अध्यापन करणारे नरहर कुरुंदकर हे स्पष्टवक्तेपणाबद्दल प्रसिद्ध होते. रणजित देसाई त्यांच्याहून चार वर्षांनी मोठे, ‘स्वामी’ या कादंबरीस 1964 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेले. देसाईंनी शिवाजी महाराजांवरील ‘श्रीमान योगी’चे लेखन हाती घेतले, त्या निमित्ताने कुरुंदकरांनी त्यांना एक प्रदीर्घ पत्र लिहिले. कोणत्या साधनावर किती विश्वास ठेवावा, महाराजांचे खरे मोठेपण लढायांत शोधावे की रयतेशी असलेल्या नात्यात, महाराजांच्या पश्चात औरंगजेबाच्या प्रचंड फौजेपुढे सामान्य माणसे वर्षानुवर्षे का झुंजत राहिली, असे प्रश्न कुरुंदकरांनी मांडले. लेखकाला कमीपणा यावा असे त्यात काही नव्हते. पण लेखकाचे काम मात्र अवघड होऊन बसले. देसाईंनी ते पत्र कपाटात ठेवून दिले नाही. कादंबरीची प्रस्तावना म्हणून तेच छापले गेले.

यात थोरवी कोणाची अधिक, हा प्रश्न पडतो. टीका करणाऱ्याचे श्रम तर दिसतातच. दुसऱ्याच्या ग्रंथासाठी एवढा अभ्यास आपला वेळ खर्चून कोण करतो? परंतु नामांकित लेखकाने वयाने लहान असलेल्या टीकाकारास आपल्या ग्रंथाच्या उंबरठ्यावर जागा द्यावी, हेही सोपे नाही.

व्यापारी माणसाला टीकेचे हे शास्त्र वेगळे शिकवावे लागू नये. लातूरच्या बाजारात सोयाबीनच्या ढिगात हात घालून खरेदीदार ‘माल हलका आहे’ एवढेच बोलून पुढे गेला, तर शेतकऱ्याच्या पदरी फक्त अपमान पडतो. ‘ओलावा जास्त आहे, दोन दिवस ऊन द्या’ असे सांगितले, तर तोच माल पुन्हा सौद्याला येतो. हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याची नेहमीची मर्यादा 12 टक्के. म्हणजे दोषही मोजता येतो आणि उपायही सांगता येतो. लेखापरीक्षकाचा चांगला शेराही असाच असतो : अमुक क्रमांकाच्या व्हाउचरला पावती जोडलेली नाही. ‘सगळा गोंधळ आहे’ हा शेरा नव्हे.

मात्र दुकानात पाळला जाणारा हा विवेक समाजाच्या सभेत अनेकदा गळून पडतो. एखादा तरुण कोषाध्यक्ष वर्षभर हिशेब संगणकावर चढवितो, अहवाल वाचावयास उभा राहतो आणि मागच्या रांगेतून आवाज येतो, ‘यापेक्षा जुनी वही बरी होती.’ चूक एका रकमेची असते, हशा मात्र माणसावर होतो. पुढील वर्षी तो तरुण पद स्वीकारीत नाही आणि ‘नव्या पिढीला समाजकार्याची आवड नाही’ अशी तक्रार तीच मागची रांग करते. ती रक्कम आदल्या दिवशी त्याच्या दुकानी जाऊन, चहाच्या कपाबरोबर दाखविता आली असती.

सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत उपगूहन आणि स्थितिकरण ही दोन अंगे लागोपाठ येतात. पहिल्यात दुसऱ्याच्या दोषाचा बभ्रा न करणे आहे, दुसऱ्यात ढळणाऱ्यास पुन्हा स्थिर करणे. केवळ पहिले पाळले तर चुका झाकल्या जातात, आणि संस्थेच्या पैशांच्या बाबतीत तसे मुळीच चालणार नाही. तेथे दोष सांगावाच लागतो, नोंदवावाही लागतो. पण सांगणाऱ्याचा हात पुढच्याला सावरण्यासाठी असावा लागतो. अठरा पापस्थानांत अभ्याख्यान, पैशुन्य आणि परपरिवाद म्हणजे खोटा आळ, चहाडी आणि परनिंदा ही तीन स्वतंत्रपणे मोजली आहेत. जिभेच्या पापांचा इतका बारीक हिशेब आपल्या पूर्वाचार्यांनी ठेवावा, याचे आश्चर्य वाटत नाही. सभा त्यांनीही पाहिल्या असतील.

हिंदी वर्तमानपत्रांत ‘आलोचना’ म्हणजे दुसऱ्यावरील टीका. आपल्या परंपरेत आलोचना म्हणजे गुरूंपुढे स्वतःचे दोष उघड करणे, आणि प्रायश्चित्ताच्या प्रकारांत तिचा क्रमांक पहिला. संवत्सरीच्या दिवशी हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणताना मागच्या रांगेतील त्या ज्येष्ठांना तो कोषाध्यक्ष आठवतो की नाही, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक.